कागद द्यावा तो कुंडलीसकट

बाबांची नोकरी नागपूरला, अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत आणि सुट्ट्या जुन्या बाजारात. त्यामुळे वाडीच्या आमच्या घरात ट्रंका भरून कागद साठला: रविवर्मा प्रेसच्या तसबिरी, पुण्याच्या चित्रशाळेची शिळाछापाची चित्रं, दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठं असलेले दिवाळी अंक, कॅलेंडरं, एक सचित्र पोथी. म्हातारपणी बाबांनी हे सगळं एका संग्रहालयाला देऊन टाकलं. धावपळ माझ्या वाट्याला आली. त्यातून जे कळलं ते इथे लिहिते, कारण अशा ट्रंका विदर्भात घरोघरी आहेत.

१. दानाची सुरुवात यादीने करा. 'देवदेवतांची जुनी चित्रं, अंदाजे शंभर' ही यादी नव्हे. प्रत्येक कागदाला नंबर द्या. लांबी-रुंदी, छापखान्याचं नाव, कुठून आला, कोणाकडून, केवढ्याला, हे त्यापुढे लिहा. मागच्या बाजूचाही फोटो काढा. बाबांना किमती आठवत नव्हत्या, पण कोणती तसबीर इतवारीतल्या कोणत्या मोडलेल्या वाड्यातून आली हे बिनचूक आठवत होतं. तज्ज्ञ आले ते चित्रांकडे नजर टाकून थेट या माहितीकडे वळले. चित्र त्यांनी इतरत्रही पाहिलं होतं, ते नागपुरात कोणाच्या भिंतीवर होतं हे मात्र फक्त बाबा सांगू शकत होते.

२. समास कापू देऊ नका. तसबीरवाले चौकटीत बसवताना कडा छाटतात आणि चित्राचा जन्मदाखलाच कचऱ्यात जातो. रविवर्मा प्रेस १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि १९०१ मध्ये श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. खालच्या समासात मुंबईचं नाव आहे की कार्ला-लोणावळ्याचं, यावरून छपाईचा काळ ठरवायला मदत होते. चित्रशाळा १८७८ ची, विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने निघालेली. तिच्या चित्रांनाही हाच नियम.

३. स्वच्छतेचा उत्साह आवरा. आमच्याकडच्या एका लक्ष्मीच्या साडीवर कोणीतरी जर आणि टिकल्या लावल्या होत्या, पायांशी कुंकवाचे बोटभर डाग होते. देण्याआधी ते काढावेत असं घरात सगळ्यांचंच मत. संग्रहालयातल्या बाईंनी भिंग लावून टिकल्या पाहिल्या, त्याखालचा सुईचा टाका दाखवला आणि म्हणाल्या, "ताई, याला हात लावू नका. छापलेली लक्ष्मी हजारो घरांत होती, ही एका घरातल्या बाईने सजवून पुजलेली आहे." सेलोटेप, लॅमिनेशन आणि फेव्हिकॉल हे कागदाचे खरे शत्रू. फाटलेलं फाटलेलंच द्या.

४. आपल्या हवेचं भान ठेवा. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि कागद कुरकुरीत होतो. त्यात खोलीत कुलर लावला की ओला वारा थेट त्याच्यावर. कागद फुगतो, लहरतो, पावसाळ्यात बुरशी धरतो. वर अमरावती रोडच्या ट्रकांची धूळ. चित्रं आतल्या खोलीत, भिंतीपासून दूर, आडवी ठेवा. चौकटीमागचं प्लायवूड काढता आलं तर जाणकाराकडून काढून घ्या, कारण त्यातलं आम्ल कागदावर तपकिरी डाग उठवतं. आजीच्या काळी पोथीत वेखंड ठेवायचे आणि ती कापडात बांधायचे, त्यात शहाणपण होतं.

५. दालन बघून भुलू नका, कोठार दाखवा म्हणा. नागपूरकराच्या मनात पहिलं नाव अजब बंगल्याचंच येतं. १८६३ पासूनचं आपलं मध्यवर्ती संग्रहालय ते. पण नाव मोठं की लहान यापेक्षा प्रश्न वेगळे विचारावे लागतात. कागद सपाट ठेवायचे ड्रॉवर आहेत का? आम्लरहित फोल्डर वापरतात का? कागदाचं जतन जाणणारा माणूस आहे का? याच प्रकारची चित्रं आधीपासून आहेत का? एका संस्थेने आमचं कौतुक करून सत्काराची तारीखही सुचवली, पण कोठार काही दाखवलं नाही. आम्ही नमस्कार करून निघालो.

६. अटी कमी घाला. 'कायम मांडून ठेवावीत, बाबांच्या नावाचं दालन असावं' असं आमच्या काकांना फार वाटत होतं. पण कागदाला उजेड सोसत नाही. साधारण ५० लक्सच्या मंद प्रकाशात काही महिने मांडतात आणि पुन्हा अंधारात विश्रांती देतात. कायमची मांडणी म्हणजे कायमचं फिकटणं. जागेचा हट्टही टिकत नाही. इतिहाससंग्राहक द. ब. पारसनीसांनी साताऱ्यात जन्मभर जमवलेली कागदपत्रं आणि चित्रं त्यांच्या पश्चात, १९३९ साली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेली. सातारा सुटलं, संग्रह अभ्यासकांच्या हाती राहिला. आम्ही दानपत्रात दोनच गोष्टी मागितल्या: प्रत्येक वस्तूचा नोंदवहीतला क्रमांक आम्हाला कळवावा आणि अभ्यासकांना संग्रह पाहू द्यावा.

७. कायदा आधी वाचा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरचं चित्र आणि पंचाहत्तर वर्षांवरचं महत्त्वाचं हस्तलिखित पुरावस्तूत मोडतं. सचित्र पोथीसारख्या काही प्रकारांची नोंदणी करावी लागते आणि नोंदलेली वस्तू दुसऱ्याकडे गेली की तसं कळवावं लागतं. दुसरी गोष्ट, अंक आपला म्हणून चित्राचा हक्क आपला होत नाही. दलाल १९७१ साली गेले, मुळगावकर १९७६ साली. चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो, म्हणजे अनुक्रमे २०३१ आणि २०३६ च्या अखेरपर्यंत. आपल्याजवळ नसलेला हक्क दानपत्रात लिहून देऊ नका.

८. आठवण शाबूत आहे तोवर द्या. पुण्याच्या दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेला संग्रह, अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने, १९७५ साली महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. ते गेले १९९० साली. मधली पंधरा वर्षं, ही वस्तू कुठली, हे विचारायला खुद्द ती आणणारा माणूस होता. मृत्युपत्राने दिलेल्या संग्रहाला ही सोय मिळत नाही. वारस ट्रंक पोचवू शकतात, ती कशी भरली ते सांगू शकत नाहीत. तेव्हा तुमच्या घरी असा कोणी जमवणारा असेल, तर संग्रहालयाला पत्र नंतर लिहा. आधी वही-पेन घेऊन त्यांच्याजवळ बसा आणि पहिल्या कागदापासून विचारायला लागा.