शंका-समाधान : चित्रकथांमधला सूड

शंका : मुलानं कॉलेजच्या ग्रंथालयातून काइल बेकर यांची ‘नॅट टर्नर’ ही अमेरिकन चित्रकथा आणली. मीही वाचली. झोपेतल्या बायकामुलांवर कुऱ्हाड चालवणाऱ्याला नायक कसं म्हणायचं? अन्याय झाला म्हणून असा सूड योग्य ठरतो का? (एक पालक, सांगली)

समाधान : मुलांचा खून कुठल्याही कारणानं योग्य ठरत नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. पण बेकर यांनी तो योग्य ठरवला आहे, असं मला वाटत नाही. ऑगस्ट १८३१ मध्ये व्हर्जिनियातल्या साउदॅम्प्टन परगण्यात गुलामीतल्या टर्नरनं आणि त्याच्या साथीदारांनी उठाव केला आणि घरोघर शिरून पन्नासहून अधिक गोऱ्यांना मारलं. त्यांत मुलंही होती. टॉमस ग्रे या गोऱ्या वकिलानं तुरुंगात टर्नरची जबानी लिहून घेतली. या पुस्तकात शब्द येतात ते मुख्यतः त्या जबानीतले. बाकीची बहुतेक पानं निःशब्द आहेत. सुडाचा गौरवच करायचा असता, तर मुलांच्या हत्या सहज गाळता आल्या असत्या. त्या इथे डोळ्यांसमोर घडतात.

आता पुन्हा पहिल्या भागाकडे जा. आफ्रिकेतलं गाव, माणसं पकडून नेणारे, जहाजाचा कोंदट तळ आणि शार्कच्या तोंडी गेलेलं एक तान्हं बाळ. पुढे गोऱ्यांची मुलं मरतात तेव्हा ते बाळ आपल्याला आठवावं, अशीच या पुस्तकाची मांडणी आहे. गोऱ्याविरुद्ध काळ्याची साक्ष व्हर्जिनियातलं कोर्ट मानत नसे. मारहाण झाली, पोटचं पोर विकलं गेलं, तरी दाद मागायची कुणाकडे? अशी कुठलीही चित्रकथा वाचताना मी आधी हे पाहतो, की सूड घेणाऱ्यापुढे दुसरं कोणतं दार उघडं होतं. त्यातून कृत्य का घडलं ते कळतं. त्याला माफी मिळत नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकते. चार भागांपैकी हत्याकांडाच्या भागाचं नाव ‘स्वातंत्र्य’ आहे. त्या दोन दिवसांनी कुणीही कायमचं मोकळं झालं नाही. उलट उठावाशी काडीचा संबंध नसलेल्या कितीतरी काळ्या माणसांना गोऱ्या टोळ्यांनी ठार केलं. हा उलटा सूड पुस्तकात अधिक जागा घ्यायला हवा होता.

शंका : अमेरिकेत पूर्वी कॉमिकमधल्या हिंसेला चाप होता म्हणे. तो बरा नव्हता का? (निवृत्त शिक्षक, नाशिक)

समाधान : होता. १९५४ मध्ये प्रकाशकांनीच आचारसंहिता आणली. पण तो चाप कुठे बसला ते पाहा. ‘ईसी’ या प्रकाशनानं १९५३ साली ‘जजमेंट डे’ ही छोटी कथा छापली होती. पृथ्वीवरून आलेला अंतराळवीर यंत्रमानवांच्या ग्रहाची पाहणी करतो. नारिंगी यंत्रमानवांना सगळे मान, निळ्यांना वेगळी वस्ती. हे पाहून तो त्या ग्रहाला आकाशगंगेच्या संघात प्रवेश नाकारतो. अखेरच्या चौकटीत तो शिरस्त्राण काढतो आणि कळतं, की तो काळा आहे. त्याच्या चेहऱ्यावर घामाचे थेंब चमकतात. अख्ख्या कथेत रक्ताचा थेंब नाही. तरी १९५६ मध्ये ती पुन्हा छापताना संहितेच्या अधिकाऱ्यानं हरकत घेतली ती याच चौकटीला : नायक काळा नको! प्रकाशक बिल गेन्स हटून बसले आणि कथा जशीच्या तशी छापली गेली. अशा चापाला मी बरा कसा म्हणू?

शंका : सुडापलीकडची वाट दाखवणारी कॉमिक आहेत का? माझी मुलगी नववीत आहे. (एक आई, पणजी)

समाधान : आहेत. २०१८ पासून आलेल्या ‘बिटर रूट’ मालिकेत १९२४ चं हार्लेम, म्हणजे न्यूयॉर्कमधली काळ्यांची वस्ती, आहे. द्वेषानं माणसं राक्षस होतात आणि सँगेरी कुटुंब कंदमुळांच्या औषधानं त्यांना माणसात आणतं. मारायचं की बरं करायचं, यावरून घरातच वाद आहेत. दुःखानं पोळलेली काळी माणसंही इथे वेगळ्या प्रकारचे राक्षस होतात, हे मला फार मोलाचं वाटतं. तरी त्यातली मारामारी पाहता तुमच्या मुलीसाठी अजून दोनेक वर्षं थांबा.

तिला आज ‘मार्च’ द्या. अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीचे नेते जॉन लुइस यांची ही तीन खंडांतली आत्मकथा अँड्र्यू आयडिन यांच्यासह लिहिलेली आहे, चित्रं नेट पॉवेल यांची. पहिल्या खंडात नॅशव्हिलचे विद्यार्थी वर्णभेदाविरुद्धच्या अहिंसक आंदोलनासाठी मार खाण्याची तालीम करतात : मित्रच मित्राला शिव्या देतो, ढकलतो, आणि समोरच्यानं हात उगारायचा नाही. ही तालीम घेणारे जेम्स लॉसन १९५० च्या दशकात तीन वर्षं आपल्या नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते आणि तिथे त्यांनी गांधीजींचा मार्ग अभ्यासला. मुलीला हेही आवर्जून सांगा.

तिसऱ्या खंडात ७ मार्च १९६५ ला अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर अडवलेला मतदानहक्काचा मोर्चा येतो. पोलिसांच्या दांडक्यानं लुइस यांची कवटी फुटते. मारहाण आणि वर्णद्वेषी शिव्या कुठेही सौम्य केलेल्या नाहीत. तेव्हा तो खंड तिच्या शेजारी बसून वाचा आणि तिला प्रश्न विचारू द्या.