पाठ झाले, पण कळले का?

मोहफुलांच्या दिवसांतली गोष्ट. वसतिगृहात संध्याकाळच्या अभ्यासाला सातवीतल्या एका मुलीने बाष्पीभवनाचे उत्तर इंग्रजीत घडाघडा म्हणून दाखवले. मी शाबासकी दिली आणि सहज विचारले, "म्हणजे काय गं?" ती गप्प झाली. मैत्रिणीने तेच माडियात विचारले, तेव्हा मात्र लगेच बोलली. अंगणात वाळत घातलेली मोहफुले हलकी होतात, त्यांतले पाणी उडून जाते! उत्तर तिला येत होते. मीच आजवर फक्त पाठांतर तपासत होतो.

भामरागडकडच्या आमच्या मुलांची घरची भाषा माडिया, शाळेची मराठी. २००० सालापासून राज्यात इंग्रजीही पहिलीपासून आहे. तिसऱ्या भाषेतले न कळता घोकले, तर परीक्षेनंतर काय उरणार? म्हणून दुसऱ्या दिवशी अभ्यासाचीच चार इंग्रजी क्रियापदे फळ्यावर लिहिली.

मग अप : घोकणे, रट्टा मारणे. "आय मग्ड अप द आन्सर." मी उत्तर घोकले.

गो ओव्हर : पुन्हा नजरेखालून घालणे. "गो ओव्हर युवर नोट्स." वही पुन्हा वाच.

ब्रश अप : पूर्वी येत होते, आता विसरत चालले, ते पुन्हा ताजे करणे. "आय मस्ट ब्रश अप माय मराठी." जे कधी शिकलोच नाही, त्याला हे लागू नाही.

पिक अप : कोणी न शिकवता, ऐकत-बोलत शिकणे. "शी पिक्ड अप मराठी इन द मार्केट." ती आठवडी बाजारात मराठी शिकली.

पिक अपचा मूळ अर्थ खाली पडलेले उचलणे. तो सांगताच एक मुलगा म्हणाला, "सर, मोह वेचतो तसं!" अगदी तसेच.

एक लक्षात ठेवा. मग अप हा बोलण्यातला शब्द आहे. परीक्षेत किंवा अर्जात मेमराइज लिहावे, आणि उजळणीला रिव्हाइज.

वाचकहो, आपण भेटीला येता तेव्हा मुलांना कविता म्हणायला सांगता. त्यांनाही ते आवडते. पुढच्या वेळी त्यानंतर एवढेच विचारा, "यातले तुला काय कळले? तुझ्या भाषेत सांग." भाषांतर करायला शेजारी कोणीतरी असतेच.