तिकिटातला यूडीएफ कोण ठरवतं?

प्रश्न : आम्ही नागपूरहून वरचेवर मुंबईला जातो. तिकिटाचा तपशील उघडला की मूळ भाड्याखाली एएसएफ, यूडीएफ अशा ओळी दिसतात. मुंबईच्या तिकिटावर एक आकडा, नवी मुंबईच्या तिकिटावर दुसराच. हे पैसे कोण ठरवतं आणि कशाच्या आधारावर? सोनेगावच्या आमच्या विमानतळावर नवं टर्मिनल झालं की आमच्यावर किती बोजा पडेल?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : त्या ओळी एकाखाली एक छापलेल्या असल्या, तरी त्यांचे धनी वेगवेगळे आहेत. एएसएफ म्हणजे विमान सुरक्षा शुल्क. ते केंद्र सरकार ठरवतं आणि देशात कुठूनही उडालात तरी सारखंच असतं. 1 एप्रिल 2021 पासून देशांतर्गत प्रवासासाठी ते माणशी 200 रुपये झालं. हा पैसा विमानतळाच्या सुरक्षा बंदोबस्तासाठी नेमलेल्या न्यासाकडे जातो, विमानतळ चालवणाऱ्या कंपनीला त्यातलं काही मिळत नाही. आरसीएस अशी ओळ असेल, तर ती रक्कम छोट्या शहरांना जोडणाऱ्या ‘उडान’ योजनेसाठी असते. विमानतळाच्या तिजोरीत थेट जातो तो यूडीएफ, म्हणजे युजर डेव्हलपमेंट फी. म्हणूनच तो गावोगावी बदलतो.

याशिवाय विमानतळ विमान कंपनीकडूनही पैसे घेतो. ते तुमच्या तिकिटावर वेगळे दिसत नाहीत, मूळ भाड्यात मुरलेले असतात. विमान उतरवण्याचं शुल्क त्याच्या कमाल वजनावर आकारलं जातं आणि विमान उभं करण्याचं शुल्क वजन व वेळ दोन्ही पाहून. देशांतर्गत नियमित सेवेतल्या 80 पेक्षा कमी आसनांच्या विमानांना उतरण्याचं शुल्क माफ आहे. त्यामुळे 78 आसनांचं एटीआर उतरलं तर विमानतळाला त्या शुल्कापोटी काहीच मिळत नाही, एअरबस उतरलं तर टनांच्या हिशेबाने मिळतं. छोट्या शहरांची विमानसेवा टिकण्यात या सवलतीचा मोठा हात आहे. आणि नागपूरच्या आभाळातून न थांबता जाणारी जी असंख्य विमानं आपण पाहतो, त्यांचं मार्गदर्शन शुल्क भारतीय विमानतळ प्राधिकरणाला मिळतं, सोनेगावच्या हिशेबात ते येत नाही.

आता ठरवतं कोण. नागपूरकराला विमान पकडायचं तर सोनेगावलाच जावं लागतं. दर परवडत नाही म्हणून कुणी रायपूर गाठत नाही. विमान कंपनीलाही नागपूरचे प्रवासी हवे असतील तर दुसरी धावपट्टी नाही. अशा मक्तेदारीत दर ठरवण्याचं काम मालकावर सोडता येत नाही. 2006 मध्ये दिल्ली आणि मुंबई विमानतळ खासगी कंपन्यांकडे गेले, 2008 मध्ये कायदा झाला आणि 2009 मध्ये विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण, म्हणजे ऐरा, उभं राहिलं.

मधल्या काळात काय झालं, ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. 2009 मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या पत्रांच्या आधारे दिल्लीत देशांतर्गत प्रवाशाकडून 200 आणि परदेशी जाणाऱ्याकडून 1300 रुपये विकास शुल्क घेणं सुरू झालं, मुंबईत 100 आणि 600. एक ग्राहक संस्था त्याविरुद्ध लढली आणि 26 एप्रिल 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पत्रं रद्द केली. असं शुल्क ठरवण्याचा अधिकार कायद्याने ऐराला दिला आहे, मंत्रालयाच्या पत्राने ते लावता येत नाही, असा तो निकाल होता. विमानाने जाणारा प्रवासी सुखवस्तू, त्याला कसली ग्राहक चळवळ, असं म्हणणाऱ्यांनी हा निकाल जरूर वाचावा.

ऐरा दर ठरवते पाच वर्षांसाठी. रीत अशी की विमानतळाला या काळात रास्त खर्च भागवायला एकूण किती रुपये लागतील ते आधी काढायचं आणि मग ते अपेक्षित प्रवाशांवर वाटायचं. एक काल्पनिक विमानतळ घेऊ. इमारत, धावपट्टी, यंत्रं मिळून मालमत्ता 1000 कोटींची. त्यावर 12 टक्के परतावा मान्य केला, तर वर्षाला 120 कोटी. घसारा 40 कोटी, पगार, वीज, देखभाल 100 कोटी, कर 20 कोटी. बेरीज 280 कोटी. आता याच विमानतळाला दुकानं, खाद्यपदार्थ, जाहिराती, गाड्यांचा तळ यातून वर्षाला 60 कोटी मिळतात. त्यातले 30 टक्के, म्हणजे 18 कोटी, बेरजेतून वजा होतात. उरले 262 कोटी. वर्षाला 40 लाख प्रवासी येणार-जाणार असतील, तर माणशी 655 रुपये. यातला काही भाग विमान कंपन्यांच्या शुल्कातून निघतो, उरलेला यूडीएफमधून.

सारी भांडणं या साध्या गणितातच दडलेली आहेत. दुकानांचं उत्पन्न किती वजा करायचं, हे पहिलं. ऐराने जानेवारी 2011 मध्येच आपला कल सांगितला होता : सगळं उत्पन्न एकाच गल्ल्यात धरायचं, 30 टक्के नव्हे तर शंभर टक्के वजा करायचं. आपल्या उदाहरणात तसं केलं तर माणशी 655 चे 550 रुपये होतात. दिल्ली-मुंबईच्या करारांत मात्र 30 टक्क्यांचंच सूत्र होतं आणि 2016 च्या राष्ट्रीय नागरी विमान वाहतूक धोरणाने तेच सगळीकडे नेलं. चालकाच्या बाजूने युक्तिवाद असा की दुकानांची सगळी कमाई वजाच होणार असेल, तर तो ती वाढवायच्या फंदात कशाला पडेल? यात तथ्य आहे, पण सत्तर टक्के चालकाकडे ठेवण्याइतकं ते मोठं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. विमानतळावर चहाला जो दर लागतो, तो देणारा गिऱ्हाईक सुरक्षा तपासणीच्या पलीकडे अडकलेला प्रवासीच असतो. त्याच्यामुळे झालेल्या कमाईतला मोठा वाटा त्याच्याच शुल्कातून वजा व्हायला हवा.

दुसरं भांडण मालमत्तेच्या आकड्याचं. परतावा गुंतवणुकीवर मिळत असल्याने जितकं मोठं बांधकाम तितकं हमखास उत्पन्न, असा मोह कुठल्याही चालकाला पडू शकतो. म्हणून 2016 मध्ये ऐराने टर्मिनलच्या बांधकामासाठी चौरस मीटरमागे 65,000 रुपयांची मर्यादा घातली. त्याहून अधिक खर्चाचं समर्थन द्यावं लागतं. मोठी कामं हाती घेण्याआधी विमान कंपन्यांशी सल्लामसलत करावी लागते आणि मालमत्ता हिशेबात धरली जाते ती वापरात आल्यावर. कुदळ मारली त्या दिवसापासून नव्हे.

तिसरी गोष्ट प्रवासीसंख्येच्या अंदाजाची, आणि सर्वसामान्य वाचकाच्या नजरेतून तीच सुटते. वरच्या उदाहरणात 40 लाखांऐवजी 50 लाख प्रवासी धरले, तर तोच 655 चा आकडा 524 होतो. चालक अर्थातच कमी अंदाज मांडतो, विमान कंपन्या जास्त. अंदाज चुकला तर पुढच्या पाच वर्षांत फरक वळता करून घेतात. कोविडमध्ये विमानतळ ओस पडले, तेव्हाची तूट नंतरच्या प्रवाशांच्या दरात आली ती याच वाटेने.

मुंबई आणि नवी मुंबई यांतला फरकही इथेच उलगडतो. मुंबई विमानतळावर मे 2025 पासून देशांतर्गत जाणाऱ्याला 175 आणि येणाऱ्याला 75 रुपये यूडीएफ ठरला. नवी मुंबईसाठी ऐराने 2025 मध्ये जे तात्पुरते दर मंजूर केले, ते जाताना 620 आणि येताना 270 रुपये होते. मुंबईचा खर्च कोट्यवधी प्रवाशांवर पसरतो. नवी मुंबईची सगळी मालमत्ता कोरी करकरीत, आणि विमानं उडू लागली 25 डिसेंबर 2025 ला. म्हणजे भार मोठा आणि तो उचलणारे सुरुवातीला थोडे.

तुमचा शेवटचा प्रश्न नागपूरचा, आणि मला सगळ्यात महत्त्वाचा तोच वाटतो. 2008 च्या कायद्यात वर्षाला 15 लाखांहून अधिक प्रवासी असलेला विमानतळ ‘प्रमुख’ मानला जाई. 2019 च्या दुरुस्तीने ती रेषा 35 लाखांवर नेली. नागपूरचे प्रवासी अलीकडच्या वर्षांत 28 लाखांच्या आसपास राहिले, म्हणजे जुन्या रेषेच्या वर आणि नव्या रेषेच्या खाली. प्रमुख नसलेल्या विमानतळाचा यूडीएफ ऐरा नाही, केंद्र सरकार ठरवतं. फरक केवळ कचेरीचा नाही. ऐराला कायद्यानेच पारदर्शकतेचं बंधन आहे : हिशेब मांडणारा सल्लामसलत मसुदा प्रसिद्ध करायचा, सगळ्यांच्या हरकती मागवायच्या, बैठक घ्यायची आणि कोणता आक्षेप का मानला किंवा का नाकारला ते आदेशात लिहायचं. आदेश पटला नाही तर टीडीसॅट या न्यायाधिकरणात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात जाता येतं. रेषेखालच्या विमानतळाच्या दरांना ही सक्ती लागू नाही. मध्यम शहरांच्या प्रवाशांवर हा अन्याय आहे. मोठ्या शहरांइतकीच ही शहरंही आपल्या एकुलत्या एका विमानतळावर अवलंबून आहेत.

नागपूर फार काळ रेषेखाली राहील असं मात्र दिसत नाही. राज्य सरकारची विमानतळ विकास कंपनी आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांच्या भागीदारीतल्या मिहान इंडियाने विमानतळ चालवायला देण्यासाठी निविदा काढली. जीएमआर कंपनीने आधी ढोबळ उत्पन्नाच्या 5.76 टक्के वाटा देऊ केला, वाटाघाटींत तो 14.49 टक्क्यांवर गेला. मार्च 2020 मध्ये ती प्रक्रियाच रद्द झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑगस्ट 2021 मध्ये ते रद्द करणं बेकायदा ठरवलं, मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला आणि सप्टेंबर 2024 मध्ये शेवटची याचिकाही निकाली निघून जीएमआरचा मार्ग मोकळा झाला. 9 ऑक्टोबर 2024 ला पंतप्रधानांच्या हस्ते दूरस्थ पद्धतीने विमानतळाच्या विस्ताराचं भूमिपूजन झालं, तेव्हा सांगितलेला अंदाजित खर्च होता सुमारे 7000 कोटी. टप्प्याटप्प्याने वर्षाला 3 कोटी प्रवाशांपर्यंत जाण्याची योजना आहे. कायदा ‘प्रमुख’ ठरवताना प्रत्यक्ष प्रवाशांबरोबर ठरवून दिलेली क्षमताही धरतो. त्यामुळे नवं टर्मिनल आकाराला येताना नागपूरची सुनावणी ऐरापुढे होण्याची वाट मोकळी आहे.

दर वाढतील, यात शंका नको. मालमत्ता वाढली की परतावा आणि घसारा वाढतोच. किती वाढतील ते दोन गोष्टींवर ठरेल : पहिल्या टप्प्यात किती बांधलं जातं आणि त्या वेळी नागपूरला किती विमानं येतात. आज 28 लाख प्रवासी असताना कोटभर लोकांचं टर्मिनल एकदम उभारलं, तर त्याचा भार त्या 28 लाखांवर पडेल. गरजेनुसार बांधत गेले तर सोसवेल. चालकाने देऊ केलेला 14.49 टक्के वाटा प्रवाशांच्या गणितात खर्च म्हणून धरला जाणार नाही ना, याकडेही डोळ्यांत तेल घालून पाहायला हवं. दिल्ली-मुंबईत असा वाटा चालकाच्या खिशातून जातो, दरात धरला जात नाही.

ऐराच्या बैठकांत विमान कंपन्या आणि त्यांच्या संघटना आकडेमोड घेऊन येतात, विमानतळ चालकही येतात. प्रवाशांच्या वतीने बोलणारं सहसा फारसं कुणी नसतं. विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन, नागविदर्भ चेंबर ऑफ कॉमर्स आणि ग्राहक पंचायत यांनी एखादा चार्टर्ड अकाउंटंट आणि एखादा निवृत्त विमानतळ अधिकारी हाताशी धरून आत्ताच हा अभ्यास सुरू करावा. मसुदा आल्यावर हरकतींसाठी जेमतेम महिनाभर मिळतो, आणि तेवढ्यात शेकडो पानं पहिल्यांदा वाचून उत्तर देणं होत नाही.

प्रश्न : आम्ही नागपूरहून मुंबईमार्गे दुबईला जाणार आहोत. मुंबईत फक्त विमान बदलायचं आहे. तिथला यूडीएफ द्यावा लागेल का?
– एक वाचक, वर्धा

उत्तर : दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असतील आणि मुंबईत पोहोचल्यापासून 24 तासांच्या आत पुढचं विमान असेल, तर तुम्ही संक्रमण प्रवासी ठरता आणि मुंबईचा यूडीएफ माफ असतो. नागपूर-मुंबई एक तिकीट आणि मुंबई-दुबई दुसरं, असं वेगवेगळं काढलंत तर ही सूट मिळत नाही. स्वस्त म्हणून दोन तिकिटं काढणाऱ्यांनी हा फरक धरून हिशेब करावा. दोन वर्षांखालच्या बाळाला यूडीएफ लागत नाही.

प्रश्न : सवलतीचं तिकीट होतं, परतावा नाही अशी अट होती. ऐनवेळी जाता आलं नाही. सगळेच पैसे बुडाले का?
– एक वाचक, गोंदिया

उत्तर : नाही. मूळ भाडं बुडू शकतं, पण नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार कर आणि यूडीएफसारखी शुल्कं विमान कंपनीने परत करायची असतात. तिकीट रद्द केलं असो, वापरलं नसो किंवा विमानाच्या वेळी तुम्ही पोहोचलाच नसाल, तिन्ही प्रसंगी हे लागू आहे, आणि सवलतीच्या तिकिटालाही. मात्र मागितल्याशिवाय ते मिळेलच असं धरून चालू नका. कंपनीच्या संकेतस्थळावर पीएनआर देऊन अर्ज करा, तिकिटाच्या तपशिलातली कर आणि शुल्कांची प्रत्येक रक्कम त्यात लिहा. दाद मिळाली नाही तर मंत्रालयाच्या ‘एअरसेवा’ पोर्टलवर तक्रार नोंदवा.