फवारणी ड्रोनच्या बॅटऱ्या : जलद, परंतु निर्धोक भारण

पावसाने दोन दिवस उघडीप दिली की कापूस व सोयाबीन या पिकांवरील फवारणी उरकण्याची एकच घाई होते. ड्रोन एका बॅटरीवर काही मिनिटेच उडतो. त्यामुळे रिकामी बॅटरी लवकर भरणे हेच चालकाचे मुख्य काम होऊन बसते. केंद्र शासनाने २०२३ साली महिला स्वयंसाहाय्यता गटांना १५,००० ड्रोन देण्याची योजना मंजूर केल्यापासून हा प्रश्न गावोगावी पोहोचला आहे. या घाईत झालेली चूक महागड्या बॅटरीचा नाश करते व प्रसंगी घराला आग लावते.

बॅटरीची रचना. लिथियम पॉलिमर बॅटरीत अनेक सेल एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक सेलचा सरासरी दाब ३.७ व्होल्ट व पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो. सहा सेलची बॅटरी म्हणूनच २५.२ व्होल्टला भरते. काही उच्चदाबी बॅटऱ्यांत ही मर्यादा प्रत्येक सेलला ४.३५ व्होल्ट असते. यास्तव लेबल वाचून चार्जरवर योग्य प्रकार निवडावा.

प्रवाह किती द्यावा? १६,००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीस १६ अँपिअर प्रवाह दिल्यास त्यास १ सी म्हणतात. अशा वेळी भारणास तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. ३२ अँपिअर म्हणजे २ सी. उत्पादकाने लेबलावर दिलेली भारणाची मर्यादा कधीही ओलांडू नये. लेबलावरील मोठा आकडा पुष्कळदा बॅटरीतून प्रवाह घेण्याचा असतो. तो भारणाचा समजणे ही घातक चूक होय. मर्यादा दिलेली नसल्यास १ सी पुरे.

अतिरिक्त प्रवाहाने लिथियम ग्रॅफाइटमध्ये शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातुरूपाने साचते. त्याचे सुईसारखे अंकुर आतील पातळ पडदा भेदू शकतात. तसे झाल्यास सेलमध्ये शॉर्टसर्किट होऊन आग लागते. कडाक्याच्या थंडीतही हेच घडते. म्हणून गारठलेली बॅटरी जलद भरू नये.

समतोल भारण. एकूण दाब पाहून समाधान मानू नये. पाच सेल ४.१५ व्होल्टचे व सहावा ४.४५ व्होल्टचा असला तरी बेरीज २५.२ च येते. पण सहावा सेल धोक्यात असतो. म्हणून समतोलाची बारीक वायर चार्जरला अवश्य जोडावी.

शेतावर पाळावयाचे नियम.

१. उतरलेली बॅटरी सावलीत निवू द्यावी; हातास गरम लागत असता चार्जरला लावू नये. यासाठी बॅटऱ्यांचे तीन-चार संच आळीपाळीने वापरावेत.

२. सेल ३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये. तसा गेल्यास तो जलद भारणास अयोग्य समजावा.

३. वरील बॅटरीस २ सी ने भरताना सुमारे ८०० वॅट लागतात. चार्जरमधील घट धरून जनरेटरवर एका बॅटरीमागे हजार वॅट धरावेत.

४. भारण गोठा, कडब्याची गंजी, इंधन व औषधांचे डबे यांपासून दूर, उघड्या जागी फरशीवर करावे. माणूस जवळ असावा. रात्री झोपताना भारण चालू ठेवू नये.

५. फुगलेली, चेपलेली वा भिजलेली बॅटरी कितीही नवी असो, वापरू नये. ती उकिरड्यावर न टाकता विक्रेत्याकडे परत द्यावी.

६. धूर निघू लागल्यास प्रथम वीज बंद करावी, माणसे वाऱ्याच्या दिशेचा विचार करून दूर न्यावीत व तो विषारी धूर टाळावा. आग पसरू नये म्हणून वाळूच्या बादल्या आधीच भरून ठेवाव्यात.

हंगामानंतर. बॅटरी पूर्ण भरलेली अथवा रिकामी ठेवू नये. प्रत्येक सेल सुमारे ३.८ व्होल्टवर आणून ती थंड, कोरड्या जागी ठेवावी.

तात्पर्य, वेळ वाचवावयाचा तो जास्त बॅटऱ्या बाळगून. एकाच बॅटरीवर जादा प्रवाहाचा भार टाकून नव्हे.