आयात, बेकारी आणि कायद्यातील एक शब्द

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात आपण असे शिकतो की, जो देश जी वस्तू तुलनेने स्वस्त निर्माण करू शकतो त्याने ती निर्माण करावी व इतर देशांशी विनिमय करावा. त्यात उभयपक्षी लाभ आहे. हा सिद्धांत खोटा नाही. परंतु देशाचा लाभ म्हणजे देशातील प्रत्येक मनुष्याचा लाभ नव्हे, ही गोष्ट त्या प्रकरणात सहसा एका ओळीत उरकली जाते. परदेशातून आलेला सदरा स्वस्त मिळाला म्हणजे कोट्यवधी गिऱ्हाइकांचे थोडेथोडे पैसे वाचतात; पण तोच सदरा पूर्वी जेथे शिवला जात असे तो कारखाना बंद पडला म्हणजे काही शेकडा कुटुंबांची सगळीच मिळकत जाते. लाभ सर्वत्र पसरतो, हानी मात्र एके ठिकाणी साचते. मग ज्या समाजाला लाभ झाला त्याने सरकारमार्फत ही हानी भरून द्यावी की नाही? अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी या प्रश्नाचे उत्तर कायद्याने देण्याचा प्रयत्न साठ वर्षे केला.

ही कल्पना आरंभी मांडणारांत पोलाद-कामगार संघटनेचे अध्यक्ष डेव्हिड मॅक्डोनल्ड हे प्रमुख होते. परराष्ट्रीय व्यापारधोरणाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या रँडल समितीचे ते सभासद होते. १९५४ साली समितीच्या बहुमताला त्यांची सूचना पटली नाही. पुढे अध्यक्ष केनेडी यांनी ११ ऑक्टोबर १९६२ रोजी व्यापारविस्तार कायद्यावर सही केली, तेव्हा आयात-जकात घटविण्याच्या अधिकाराबरोबरच ही तरतूदही त्यात आली. आयातीमुळे बेकार झालेल्या कामगाराला त्याच्या सरासरी वेतनाच्या ६५ टक्क्यांपर्यंत भत्ता, तोही साधारणपणे ५२ आठवडे. शिवाय नव्या धंद्याचे शिक्षण आणि काम मिळेल त्या गावी बिऱ्हाड हलविण्याचा खर्च. एवढे वाचले की कोणालाही वाटावे, प्रश्न सुटला.

पण कायद्यात एक शब्द होता. आयात वाढली ती मुख्यतः जकातीच्या सवलतीमुळे, आणि बेकारी आली ती मुख्यतः त्या आयातीमुळे, असे जकात आयोगापुढे ठरावे लागे. 'मुख्यतः' हा शब्द दिसण्यात निरुपद्रवी आहे. प्रत्यक्षात कपड्याचा कारखाना बंद पडतो तो कधीच एका कारणाने पडत नाही. मालकाची यंत्रे जुनी झालेली असतात, लोकांची आवड बदलते, अधिक स्वस्त मजुरीच्या दुसऱ्या संस्थानात प्रतिस्पर्धी उभा राहतो, आणि त्यातच परदेशी मालही येतो. यांतील एक धागा वेगळा काढून तोच मुख्य होता हे कोणी कसे दाखवावे? परिणाम असा झाला की, पहिली सात वर्षे कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही. कामगार-चळवळीत या साहाय्याला 'अंत्यविधीचा विमा' असे नाव पडले, ते काही उगीच नव्हे.

१९७४ च्या व्यापार कायद्याने तो शब्द बदलला. आयातीने 'महत्त्वाचा हातभार' लावला एवढे दिसले तरी पुरे झाले. निर्णय श्रमखात्याकडे आला, आणि कारखान्यातील कोणत्याही तीन कामगारांना अर्ज करता येऊ लागला. त्यानंतर हजारोंना साहाय्य मिळाले. मात्र १९८१ साली अध्यक्ष रेगन यांच्या कारकीर्दीत खर्चाला कात्री लागली. सर्वसाधारण बेकारी विमा संपल्यावरच, आणि त्याच पातळीवर, हा भत्ता मिळू लागला.

या ठिकाणी आपल्या इंदूरसारख्या गिरणीच्या गावातील वाचकाला १९८६ ची कापड-कामगार पुनर्वसन निधी योजना आठवेल. आपल्या गिरण्या बंद पडण्याची कारणे निराळी होती. पण त्या योजनेत गिरणी कोणत्या कारणाने बुडाली हे कामगाराला सिद्ध करावे लागत नसे. गिरणी रीतसर बंद झालेली असावी आणि त्याची नोकरी पुरेशी झालेली असावी, म्हणजे पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५, दुसऱ्या वर्षी ५० व तिसऱ्या वर्षी २५ टक्के रक्कम देण्याची सोय होती. रक्कम तुटपुंजी खरी, परंतु प्रश्न अधिक न्याय्य विचारला होता.

अमेरिकेत अर्ज मंजूर झाल्यावर दुसरी अडचण उभी राही. कपडे शिवणाऱ्या कामगारांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. मोठ्या कारखान्यात एक बाई सबंध सदरा शिवीत नाही. कोणी केवळ कॉलर लावते, कोणी केवळ खिसा, आणि मजुरी नगावर मिळते. वीस वर्षे खिसेच लावणाऱ्या स्त्रीचे भांडवल म्हणजे तिच्या हाताचा वेग, आणि त्या वेगाला अन्य कोणत्याही धंद्यात किंमत नाही. मेक्सिकोच्या सीमेवरील एल पासो हे शहर जीनच्या विजारींसाठी प्रसिद्ध होते. १ जानेवारी १९९४ रोजी उत्तर अमेरिकेचा मुक्त व्यापार करार अमलात आला, आणि तेथील शिवणकाम झपाट्याने सीमेपलीकडे गेले. बेकार झालेल्या कित्येक स्त्रियांना स्पॅनिशखेरीज भाषा येत नव्हती. त्यांनी आधी इंग्रजी शिकावे, मग शालान्त परीक्षेच्या तोडीचे प्रमाणपत्र मिळवावे, मग धंदा शिकावा. आणि भत्त्याचे आठवडे मात्र मोजके! ज्यांचे शालेय शिक्षण आधीच झाले होते त्यांनाच या शिक्षणाचा खरा उपयोग झाला. १९८१ पासून तेथे काम करणाऱ्या 'ला मुहेर ओब्रेरा' या संघटनेने दोन्ही भाषांतून शिक्षण मिळावे असा आग्रह धरला, तो याच अनुभवातून.

माझ्या मते या योजनेतील सर्वांत समंजस कलम २००२ सालचे होय. पन्नाशी उलटलेल्या कामगाराने कमी पगाराची नोकरी पत्करली, तर जुन्या व नव्या वेतनातील फरकाचा निम्मा भाग दोन वर्षांपर्यंत सरकारने द्यावा, जास्तीत जास्त १०,००० डॉलर, असे ते होते. पंचावन्न वर्षांच्या बाईला पुन्हा बाकावर बसविण्यापेक्षा तिच्या हाती आलेल्या कामाला टेकू देणे यात अधिक शहाणपण आहे.

१ जानेवारी २००५ पासून कापडाच्या व कपड्यांच्या आयातीवरील जुने कोटे संपले. १९९० साली अमेरिकेत कपडे तयार करण्याच्या धंद्यात सुमारे नऊ लाख लोक होते. २०२० च्या सुमारास ते एक लाखाच्या आसपास उरले. आणि १ जुलै २०२२ पासून, कायद्याची मुदत वाढवून न मिळाल्यामुळे, श्रमखात्याने नव्या अर्जांवर निर्णय देणे थांबविले. ज्यांना पूर्वीच मान्यता मिळाली होती त्यांचे साहाय्य चालू राहिले. त्या दिवसानंतर अर्ज घेऊन आलेल्यांना सर्वसाधारण बेकारी विम्याकडे आणि सर्वांसाठी असलेल्या प्रशिक्षण-योजनांकडे वळावे लागले.