फुटांतील नकाशा मीटरमध्ये आणताना

नागपूर शहराच्या उत्तर भागातील जरीपटका ही वसाहत देशाच्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांनी वसविली. ती आकारास आली त्या काळी जमिनीचे व इमारतींचे मोजमाप फूट आणि इंचांत होत असे. पुढे १९५६ साली वजने व मापे यांच्या प्रमाणांविषयीचा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजनमापे टप्प्याटप्प्याने व्यवहारात आली. राज्याच्या बहुतेक भागांत लागू असलेल्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतील मोजमापे मीटरमध्ये आहेत. त्यामुळे जुन्या वसाहतीत नवे घर बांधू इच्छिणाऱ्या कुटुंबाच्या हाती अनेकदा फुटांतील कागद असतो, तर परवानगीसाठी मीटरमधील नकाशा द्यावा लागतो. हे रूपांतर आता बहुधा संगणकावर होते. त्यात चूक राहिली, तर भूखंडाचे क्षेत्र, सामासिक अंतरे आणि अनुज्ञेय बांधकाम ही सर्वच गणिते चुकतात.

आकडा आणि एकक

ऑटोकॅडसारख्या संगणकीय आरेखन प्रणालीत रेषेची लांबी केवळ आकड्याच्या रूपाने साठविली जाते. समजा, एका भूखंडाची बाजू ३० फूट आहे. आरेखकाने फूट हे एकक धरले असेल, तर संगणकात ३० हा आकडा असतो. इंच धरले असतील, तर ३६०. ‘युनिट्स’ या आज्ञेने इंचाऐवजी मीटर निवडले, तरी आधी काढलेल्या रेषेची लांबी ३६०च राहते. बदलते ते एककाचे नाव. परिणामी ३० फुटांची बाजू ३६० मीटरची समजली जाण्याचा धोका उद्भवतो. खरे रूपांतर होण्यासाठी ‘स्केल’ या आज्ञेने संपूर्ण आकृती योग्य गुणकाने लहान किंवा मोठी करावी लागते.

हे गुणक निश्चित आहेत. १९५९ साली इंग्रजी भाषक सहा देशांनी इंचाचे समान माप मान्य केले. त्यानुसार १ इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर व १ फूट म्हणजे नेमके ०.३०४८ मीटर. म्हणून इंचांतील आकृती मिलिमीटरमध्ये आणण्यास २५.४ ने, मीटरमध्ये आणण्यास ०.०२५४ ने, आणि फुटांतील आकृती मीटरमध्ये आणण्यास ०.३०४८ ने गुणावे.

रूपांतराचा क्रम

प्रथम मूळ नकाशाची प्रत जशीच्या तशी जपून ठेवावी. त्यानंतर जिची खरी लांबी ठाऊक आहे अशी एक बाजू संगणकावर मोजावी, म्हणजे मूळ एकक कोणते ते कळते. मग नकाशाचे बंद किंवा झाकलेले सर्व थर खुले करावेत, कारण कुलूपबंद थरावरील रेषांना ‘स्केल’ आज्ञा लागू होत नाही. एकच स्थिर बिंदू धरून संपूर्ण आकृतीला गुणक लावावा आणि शेवटी एककाचे नाव बदलावे. मापांचे जे आकडे आरेखकाने हाताने टंकलेले असतात, ते आपोआप बदलत नाहीत. ते एकेक तपासून दुरुस्त करावेत.

३० फूट रुंद व ५० फूट लांब भूखंड योग्य रीतीने रूपांतरित झाला असेल, तर त्याच्या बाजू ९.१४४ व १५.२४ मीटर, कर्ण सुमारे १७.७७ मीटर आणि क्षेत्र १३९.३५ चौरस मीटर येईल. या चार मापांनी पडताळणी करता येते.

नेहमी होणाऱ्या चुका

पहिली चूक लेखनाची. ९ फूट ६ इंच म्हणजे ९.६ फूट नव्हे, तर ९.५ फूट, कारण फुटाचे इंच बारा असतात. एवढ्याशा गफलतीने सुमारे ३० मिलिमीटरचा फरक पडतो. दुसरी चूक क्षेत्रफळाची. लांबीचा गुणक क्षेत्राला लावला, तर १,५०० चौरस फूट म्हणजे ४५७.२ चौरस मीटर असे उत्तर येते, व ते खऱ्या क्षेत्राच्या तिपटीहून अधिक आहे. क्षेत्रासाठी ०.०९२९०३ हा गुणक वापरावा. तिसरी चूक स्थूल आकड्यांची. एक फूट म्हणजे ०.३ मीटर असे धरल्यास याच भूखंडाचे क्षेत्र १३५ चौरस मीटर भरते व मालकाचे सव्वाचार चौरस मीटरहून अधिक क्षेत्र कागदावरून नाहीसे होते. गावपातळीवर गुंठा आणि आर एकच मानण्याची सवयही याच जातीची आहे. ३३ फूट चौरसाचा गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा, तर आर १०० चौरस मीटरचा असतो.

चौथी चूक घाईने पूर्णांकन करण्याची. जुन्या नकाशातील ४ फूट ११ इंच अंतर १.४९८६ मीटर भरते. दोन दशांश स्थळांपर्यंत ते १.५० दिसते, परंतु नियमानुसार १.५ मीटर आवश्यक असल्यास ते प्रत्यक्षात अपुरे आहे. म्हणून पूर्णांकन सर्वांत शेवटी करावे. नऊ इंची भिंत २२८.६ मिलिमीटरची असते. नव्या बांधकामात ती २३० मिलिमीटर धरणे सोयीचे असले, तरी उभ्या असलेल्या भिंतीचे माप जसे आहे तसेच दाखविणे योग्य होय.

एककांतील विसंगती किती महाग पडते, हे १९९९ साली दिसून आले. एका गणनेत पौंडावर आधारित एकक आणि दुसरीत दशमान एकक वापरले गेल्याने अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेचे मंगळाकडे पाठविलेले यान नष्ट झाले. भूखंडाच्या नकाशातील चुकीची जगभर वार्ता होत नाही. तिची झळ एका कुटुंबाला लागते. म्हणून नकाशा स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याने, आरेखन शिकविणाऱ्या शिक्षकाने आणि गावातील बांधकामावर लक्ष ठेवणाऱ्या पंचायत सदस्याने नकाशावर एकक स्पष्ट लिहिले आहे की नाही, हे प्रथम पाहावे. त्यानंतर जागेवर फीत लावून एक बाजू मोजावी आणि ती नकाशातील मापाशी ताडून पाहावी. या पडताळणीस काही मिनिटे पुरतात. पाया भरल्यानंतर हीच चूक दुरुस्त करणे मात्र कुटुंबाच्या आवाक्याबाहेर जाते.