गोधडीवर गोष्ट लिहिणाऱ्या चित्रकार बाई

फेथ रिंगगोल्ड या अमेरिकेतल्या मोठ्या चित्रकार होत्या. त्यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९३० रोजी न्यूयॉर्क शहरातल्या हार्लेम भागात झाला. लहानपणी त्यांना दमा होता, त्यामुळे शाळा बुडायची. मग घरी बसून त्या रंगीत खडूंनी चित्रं काढायच्या. आई कपडे शिवायची. तिने फेथला शिवण शिकवलं.

कॉलेजात त्यांना चित्रकला हवी होती. पण तिथं मुलींना शिक्षिका व्हायचं असेल तरच ती शिकता येई. म्हणून त्या शिक्षिका झाल्या. १९५५ ते १९७३ पर्यंत त्यांनी शाळेत चित्रकला शिकवली.

त्या काळी संग्रहालयात काळ्या लोकांची आणि बायकांची चित्रं फार कमी लावत. फेथबाई स्वतः काळ्या वर्णाच्या. त्यांना हे पटलं नाही. १९७० साली व्हिटनी संग्रहालयात अर्धी चित्रं बायकांची लावा, अशी मागणी त्यांनी मैत्रिणींबरोबर केली. आत जाऊन शिट्ट्या फुंकल्या, जमिनीवर अंडी ठेवली! त्याच वर्षी त्यांनी दोघांबरोबर झेंड्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं. पोलिसांनी तिघांनाही पकडलं. तरी बाई गप्प बसल्या नाहीत.

त्यांच्या घराण्यातल्या एक बाई पूर्वी गुलाम होत्या. त्या मालकासाठी गोधड्या शिवायच्या. फेथबाईंनी १९८० साली आईबरोबर पहिली गोधडी केली. त्यांची जीवनकथा कोणी छापेना, म्हणून १९८३ पासून त्या गोधडीवरच चित्रं काढून गोष्टी लिहू लागल्या.

त्यांची ‘टार बीच’ ही गोधडी १९८८ ची. त्यात कॅसी नावाची ८ वर्षांची मुलगी रात्री गच्चीवरून उडते. तिचे वडील मोठ्या पुलावर काम करतात, पण रंगामुळे त्यांना कामगार संघटनेत घेत नाहीत. कॅसी संघटनेच्या इमारतीवरून उडते आणि ती इमारत वडिलांना देऊन टाकते. मला हे फार आवडलं. १९९१ मध्ये या गोष्टीचं पुस्तक निघालं.

बाईंनी १९६७ साली काढलेलं एक मोठं चित्र न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट संग्रहालयाने २०१६ साली घेतलं. वजाबाकी केली तर ४९ वर्षं होतात! एप्रिल २०२४ मध्ये बाई वारल्या. तेव्हा त्या ९३ वर्षांच्या होत्या.

मित्रांनो, आपल्या घरच्या गोधडीतसुद्धा आजीचं लुगडं, बाबांचा सदरा असतो. आजी टाके घालते, पण तिला कोणी कलाकार म्हणत नाही. आज घरी गेल्यावर विचारा, कोणतं ठिगळ कोणाचं? मग ती गोष्ट लिहून आणा. आपण ती इथंच लावू.